शिडांची शाळा

आतापर्यंत माझ्या हातून एकोणीस इमारती झाल्या. अठरांचे नकाशे मी टेबलावर बसून, पंख्याखाली, चहा पीत काढले. एकाच इमारतीचा नकाशा माहुलच्या खाडीकाठी उभं राहून काढला, तोही पेन्सिलीने नाही, कोयत्याने. कुठे कापायचं ते सांगायला एक कोळीण शेजारी उभी होती. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती.

साल सहासष्ट. घाटकोपर स्टेशनजवळ आमच्या साहेबांचं आर्किटेक्टचं छोटं ऑफिस होतं. एका शिक्षणसंस्थेच्या प्राथमिक शाळा बांधायचं काम आमच्याकडे होतं आणि त्यासाठी साहेबांनी एक नमुना नकाशा करून ठेवला होता. चार वर्ग एका रांगेत, पुढे व्हरांडा, मागे विटांची सलग भिंत आणि तिच्यात अगदी वर, मोठ्या माणसाच्याही डोक्यावर, छोट्या खिडक्या. ही मागची भिंत पश्चिमेला करायची, म्हणजे दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडतात. मुलुंडला तोच नकाशा, बोरिवलीला तोच, अंधेरीला तोच. फक्त गावाचं नाव खोडून नवं लिहायचं. खोडायचं काम माझं. माहुलची शाळा साहेबांनी पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवली आणि मी आठवडाभर छाती काढून चाललो.

माहुलला शाळा नव्हती असं नाही. ती देवळाच्या ओसरीवर भरायची. एक बाई, चार इयत्ता, साठ मुलं. देवळात काही कार्य निघालं की शाळेला सुट्टी, आणि कोळ्यांच्या गावात कार्यांना तोटा नसतो. ती कोळीण म्हणजे अंजनाबाई, त्यांची नात नंदा दुसरीत होती. महिन्यातले आठ-दहा दिवस ती पाटी घेऊन जायची आणि पाटी कोरडीच घेऊन परत यायची. शेवटी अंजनाबाईंचं डोकं फिरलं. त्या सरळ संस्थेच्या अध्यक्षीण नलिनीबाईंच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, माझं खळं आहे खाडीकाठी, त्यातलं अर्धं घ्या आणि शाळा बांधा.

खळं म्हणजे मासळी सुकवायची मोकळी जागा. तिथे बांबूंच्या उंच चौकटी उभ्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. चौकटींवर दोरांच्या रांगा आणि प्रत्येक दोरावर जबड्यात जबडा अडकवून लोंबवलेले ओले बोंबील. खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला. अंजनाबाईंचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती. दीर हरेश्वर होडीवरचा तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. तो मासळी आणायचा, या सुकवायच्या आणि घाटकोपरच्या बाजारात नेऊन विकायच्या. सगळं घर त्या खळ्यावर उभं होतं. म्हणून अर्धं खळं देताना त्यांनी एकच अट घातली होती, की उरलेल्या अर्ध्याचा वारा अडवायचा नाही. नलिनीबाईंनी ती पत्रात लिहून पाठवली. साहेबांनी वाचली आणि मला म्हणाले, "बारा-चौदा फुटांच्या इमारतीने वारा कसला अडतोय?" मीही हसलो.

नोव्हेंबरात मी नकाशाची नळी काखेत मारून माहुलला गेलो. चेंबूरच्या पुढे तेलाच्या कारखान्यांची धुराडी मागे टाकली की रस्ता एकदम संपल्यासारखा होतो आणि तिवरांची झाडी सुरू होते. पलीकडे खाडी, तिच्यापलीकडे नुसतं आभाळ. पूर्वेला तुर्भ्याचा डोंगर. अंजनाबाई वलांडीखाली उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काळ्याभोर, कासोटा मारलेला, कानात जड सोनं. मी निळा नकाशा जमिनीवर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

"यो कागद मना नाय कलत," त्या म्हणाल्या. "भिंत कुटं आन उंच किती, तेवरं सांग."

मी चुन्याची पिशवी घेतली आणि जमिनीवर रेघा ओढून दिल्या. खाडीच्या बाजूला ऐंशी फूट सलग भिंत. उंची चौदा फूट. त्यांनी रेघेकडे पाहिलं, मग खाडीवरून पाहता रेघेच्या मागे, डोंगराच्या बाजूला उरलेल्या वलांडींकडे पाहिलं आणि दिराला हाक मारली.

"हरेश्वर, शिडं काढ."

होड्यांना इंजिनं बसून दोन वर्षं झाली होती. घरोघरी जुनी शिडं घड्या घालून माळ्यावर पडली होती, जाड कापडाची, करड्या रंगाची. हरेश्वरने आठ-दहा माणसं जमवली. दुपार व्हायच्या आत माझ्या चुन्याच्या रेघेवर चौदा फुटी बांबू रोवले गेले आणि त्यांना शिडं ताणून बांधली गेली. ऐंशी फूट लांब, चौदा फूट उंच, माझ्या नकाशातली मागची भिंत तिथे कापडाची उभी राहिली. पुढची भिंतही त्यांनी तशीच केली, वर छपराला दोन शिडं टाकली. मी बघतच राहिलो. इंचाला आठ फूट या मापाने मी जे चार महिने गिरवत होतो, ते खऱ्या मापाचं होऊन माझ्यासमोर उभं होतं.

तरी मला ती गंमतच वाटत होती. अंजनाबाईंनी शिडांच्या मागे आणि शिडांपासून लांब, मोकळ्यावर, अशा दोन ठिकाणी त्याच दिवसाचे ओले बोंबील टांगले.

"तीन दिसांनी ये," त्या म्हणाल्या.

तीन दिवसांनी गेलो. त्यांनी माझ्या दोन्ही हातांत एकेक बोंबील ठेवला. उजव्या हातातला ताठ होता, लाकडाच्या काडीसारखा. डाव्या हातातला मधोमध वाकून लोंबला. त्याचा वास मारत होता आणि त्याच्या गलफडात अळी वळवळत होती.

"यो मोकल्यावरचा," त्या उजव्या हाताकडे बोट करून म्हणाल्या. "आन यो तुजे भिंतीचे मागचा."

मला राग आला. कुणाचा, ते तेव्हा कळलं नाही. मी दोन्ही बोंबील नकाशाच्या नळीत घातले आणि तडक ऑफिसात आलो. आमचं ऑफिस ज्या इमारतीत होतं तिथे वर-खाली सगळी शाकाहारी मंडळी. जिन्यात पाऊल टाकल्यापासून दारं उघडू लागली. साहेबांच्या टेबलावर मी दोन बोंबील ठेवले, तेव्हा त्यांनी आधी खिडकी उघडली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तू इंजिनियर आहेस की भय्या आहेस मासळीचा?"

मी सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांची अडचण खरी होती. नमुना नकाशा मंजूर होता. तो बदलायचा तर सगळ्या मंजुऱ्या नव्याने. संस्थेला देवनारला दुसरी सपाट जागा मिळत होती, तिथे हा नकाशा जसाच्या तसा बसत होता, आणि पंधरा जानेवारीपर्यंत संस्थेला ठरवायचं होतं. "बाईंना सांग," ते म्हणाले, "शाळा हवी असेल तर वारा विसरा. वारा हवा असेल तर शाळा देवनारला जाईल. आणि हे उचल इथून."

हा निरोप घेऊन मी परत माहुलला गेलो. नंदा वलांडीखाली बसून पाटीवर काहीतरी लिहीत होती. देवळात कुणाचं तरी लग्न होतं, शाळेला सुट्टी. मी अंजनाबाईंना सांगितलं, दोनातलं एक निवडा. त्यांनी नातीकडे पाहिलं, वलांडीकडे पाहिलं. मला वाटलं, आता या बाईच्या तोंडून काहीतरी ऐकायला लागणार.

"दोनी पायजेत," त्या म्हणाल्या. "शिडं उभीच हायत ना? काप की."

"काय कापू?"

"तुजी भिंत. कुटं कापायची ती मी सांगतंय."

मी ऑफिसात पंधरा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी विचारलं, घरी कोण आजारी आहे? मी म्हटलं, मीच. आणि रोज सकाळी सात वाजता माहुलला हजर होऊ लागलो.

पहिल्या दिवशी मी माझ्या अकलेने पश्चिमेच्या शिडात चार मोठ्या खिडक्या कापल्या. काही फरक पडला नाही. वारा आत शिरला आणि आतच कोंडला. पुढचं शीड पोट फुगवून उभं राहिलं. हरेश्वर बाजूला विडी ओढत बसला होता, तो हसायला लागला. "इंजनेर, वाऱ्याला आत घेतलास, भायेर जायाला वाट कोन देल?" मी पुढच्या शिडातही समोरासमोर खिडक्या कापल्या. मग वाऱ्याला वाट मिळाली, बोंबील हलायला लागले. पण खाली जमिनीवरचा जवळा ओलाच राहिला, कारण वारा खिडकीच्या उंचीवरून सरळ निघून जात होता. अंजनाबाई खाली वाकल्या, जमिनीपासून हातभर उंचीवर त्यांनी शिडाला तळवा लावला आणि म्हणाल्या, "इतं."

मी तिथे तळवा लावला. कापड आतून ढकलल्यासारखं हाताशी येत होतं. तोपर्यंत मी वाऱ्याबद्दल पुस्तकात वाचलं होतं. वेधशाळेचे आकडे पाहिले होते, बाण काढले होते. पण भिंतीला हात लावून वारा कुठे जोर करतो ते मला कधी कळलं नव्हतं, कारण विटांची भिंत ते कळूच देत नाही. ती गप्प उभी असते. शीड मात्र सगळं सांगतं. जिथे फुगतं तिथे वाऱ्याला आत यायचंय, जिथे खपाटीला जातं तिथे तो वरून निघून गेलाय, जिथे नुसतं फडफडतं तिथे दोन वारे भांडतायत. हे हरेश्वरच्या बापजाद्यांना दर्यावर रोज लागायचं. त्याने मला दोन दिवसांत शिकवलं आणि मी तोंडात बोट घालायचा तेवढा बाकी राहिलो.

मग आम्ही कापतच सुटलो. खाली हातभर उंचीची सलग पट्टी कापली. चार वर्गांची सलग रांग मधोमध तोडली आणि दोन-दोन वर्गांच्या मध्ये दहा फुटांची गल्ली सोडली. वर्गांची जमीन बांबूच्या माचीवर तीन फूट उचलली, म्हणजे उधाणाचं पाणी आलं तर ते आणि एरवी वारा, दोघांनाही खालून वाट. दर वेळी अंजनाबाई मागे ओले बोंबील टांगायच्या आणि दर वेळी तीन दिवसांनी माझ्या हातात एक ठेवायच्या. पहिला वाकला. दुसरा जरा कमी वाकला. मी त्या बोंबलांकडे परीक्षेच्या निकालासारखं पाहायला लागलो होतो.

आणि त्या दिवसांत मी एक गोष्ट पाहिली. सकाळी वारा डोंगराकडून खाडीकडे वाहायचा, बारीक आणि थंड. वलांडीवरचे सगळे बोंबील खाडीकडे झुकलेले असायचे. साडेदहाच्या सुमाराला तो थांबायचा. सगळं थांबायचं. हजारो बोंबील सरळ खाली लोंबत राहायचे, शिडं मेल्यासारखी पडायची, माशांचं घोंघावणं ऐकू यायचं. मग लांब खाडीच्या पाण्यावर एक काळसर रेघ उठायची आणि आपल्याकडे सरकत यायची. ती काठाला लागली की आधी तिवरं हलायची, मग शिडं भरायची, आणि मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते सगळे बोंबील, रांगेमागून रांग, डोंगराकडे वळायचे. सबंध खळं कूस बदलायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मी अंजनाबाईंकडे पाहिलं, तर त्या जवळा चाळत होत्या. त्यांच्यासाठी ते रोजचं होतं.

घरी मी हे वडिलांना सांगितलं. माझे वडील काशीराम, मालवणकडचे. तीस वर्षं कापडगिरणीत साच्यावर उभे राहिले आणि आता एका कारखान्याच्या दारावर रखवालदार होते.

"गिरणीत वारो इलो तर सूत तुटता," ते म्हणाले. "म्हणान खिडक्यो बंद. तीस वर्सां माका वारो लागूक नाय." मग म्हणाले, "पन चंदू, इतकी भोकां पाडलंस, पावसाचा काय करतलंस?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाऱ्याच्या नादात मी पाऊसच विसरलो होतो. वडिलांनी मला गावच्या घराची आठवण करून दिली. छपराच्या वळचणी लांब, चार हात बाहेर काढलेल्या, आणि पावसाळ्यात पडवीला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधायची, दसऱ्याला सोडायची. मासळीही पावसात सुकवत नाहीत. म्हणजे वारा हवा तेव्हा पाऊस नाही आणि पाऊस तेव्हा वारा नको. माझ्या साहेबांचा नकाशा बारा महिने एकच तोंड करून बसणारा होता. मी त्या रात्री जेवलो नाही, वहीत रेघा मारत बसलो.

पाचव्या खेपेचा बोंबील माझ्या हातात ताठ उभा राहिला. मोकळ्यावरच्याइतका नाही, पण जवळजवळ. अंजनाबाई म्हणाल्या, "चालंल." मी त्या एका शब्दाने दिवसभर हवेत होतो.

शिडांवरून मापं घेऊन मी नवा नकाशा काढला आणि साहेबांना आणि नलिनीबाईंना माहुलला यायची विनंती केली. कागदावर कुणाला पटणार नाही, स्वतः येऊन पाहा, म्हटलं. नलिनीबाईंनी दहा जानेवारीची सकाळ दिली. वेळ विचारली. आणि इथे मी माती खाल्ली. पंधरा दिवस त्या वाऱ्यात राहूनसुद्धा, ऑफिसच्या सवयीने मी लिहून टाकलं, सकाळी साडेदहा.

ठरल्या दिवशी देवळात पुन्हा काही कार्य होतं, म्हणून अंजनाबाईंनीच शाळेच्या बाईंना सांगितलं, की पोरं इकडेच आणा. शिडांच्या चारांपैकी दोन वर्गांत साठ मुलं पाट्या घेऊन बसली होती. साडेदहाला टॅक्सी आली. साहेब उतरले, मागून नलिनीबाई, सत्तरीच्या, पांढरं सुती पातळ, जाड भिंगांचा चष्मा. आणि नेमका तेव्हाच वारा थांबला.

मी बोलायला सुरुवात केली आणि माझाच आवाज मला मोठा वाटायला लागला, कारण काही हलतच नव्हतं. शिडं चिंध्यांसारखी लोंबत होती. भोकं पाडलेलं, ठिगळांचं ते सगळं प्रकरण म्हणजे गरिबाघरचं सुकत घातलेलं धुणं दिसत होतं. मासळीचा वास जिथल्या तिथे उभा होता. साहेबांनी रुमाल नाकाला लावला. नलिनीबाईंच्या कपाळावर घाम आला. "वारा म्हणतोस तो कुठे आहे?" त्यांनी विचारलं, रागाने नाही, खरंच विचारलं. मी खाडीकडे पाहिलं. पाणी तेलासारखं स्वस्थ होतं. देवनारची जागा, पंधरा तारीख, नंदाची कोरडी पाटी, सगळं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि हे सगळं मी एका आकड्यापायी घालवलं म्हणून मला स्वतःला थोबाडावंसं वाटलं.

"निघू या," साहेब म्हणाले.

अंजनाबाई पुढे आल्या. त्यांनी एक पाट मांडला. "बसा माय. चा घ्या. येतंय तो."

नलिनीबाई बसल्या. चहा आला. शाळेच्या बाई बिचाऱ्या पाहुण्यांमुळे घाबरल्या होत्या, त्यांनी चौथीच्या मुलांना पुस्तकातला जो धडा सापडला तो म्हणायला लावला. धडा होता वाऱ्यांचा. पोरं एका सुरात ओरडत होती, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. दोनदा म्हणून झालं. तिसऱ्यांदा सुरू केलं. मी कुणाकडेच पाहत नव्हतो. मग नंदा उठून उभी राहिली आणि खाडीकडे बोट दाखवून म्हणाली, "बाई, आयला."

पाण्यावर काळी रेघ उठली होती. पोरं आपोआप गप्प झाली. ती रेघ तिच्या चालीने आली, काठाला लागली, तिवरं हलली, आणि सगळी शाळा एकदम भरली. छप्पर उचललं गेलं, दोर करकरले, शिडांची पोटं फुगली आणि मग खिडक्यांतून, खालच्या पट्टीतून, मधल्या गल्लीतून वारा पलीकडे निघून गेला. मुलांचे केस उडाले. नलिनीबाईंच्या पदराचं टोक खांद्यावरून सुटलं. आणि शाळेच्या मागे, डोंगराच्या बाजूला, जिथे भिंतीआड वारा पोचणार नाही असं माझा पहिला नकाशा सांगत होता, तिथल्या वलांडीवरचे बोंबील रांगेमागून रांग वळले, अगदी शेवटच्या दोरापर्यंत.

नलिनीबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. साहेबांचा रुमाल हातातच राहिला होता. ते उठून गल्लीत जाऊन उभे राहिले, अंगावर वारा घेत, आणि मी पाहिलं की ते कापडाला तळवा लावून बघत होते.

"मंजुऱ्यांचं मी बघतो," जाताना ते मला म्हणाले. "पण तुझ्या त्या नळीला आधी धुऊन काढ."

नळी मी तीनदा धुतली. वास गेला नाही. मंजुरीच्या खिडकीवरचा कारकून नकाशा उलगडताना नाक वर करून हुंगायचा आणि मी दुसरीकडे पाहायचो.

शाळा बांधायला सवा वर्ष लागलं. शिडांच्या जागी विटा आल्या, भोकांच्या जागी सिमेंटच्या जाळ्या, माचीच्या जागी दगडी खांब. मी प्रत्येक जाळी दोरी लावून मोजली. अडुसष्टच्या जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर, उद्घाटन झालं. झापं बांधलेली होती. नंदा चौथीत गेली होती. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मला ते धड ऐकू आलं नाही, कारण खरी परीक्षा अजून व्हायची होती. पावसात मासळी सुकत नाही. झापं दसऱ्याला सुटणार, मग वारा खेळणार, मग कळणार. शिडं चुकली असती तर कापता आली असती. या विटा होत्या. मागचं अर्धं खळं मेलं असेल तर ते माझ्या हातून मेलं असणार होतं आणि ज्या बाईने दिलं, तिचं घर त्याच्यावर होतं. त्या चार महिन्यांत मी माहुलला एकदाही गेलो नाही. हिंमतच झाली नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी आमच्या घाटकोपरच्या खोलीचं दार वाजलं. दारात नंदा. आजी खाली बाजारात मासळीची पाटी लावून बसली होती. नंदाने वहीच्या कागदात गुंडाळलेली एक लांबट पुडी माझ्या हातात दिली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली. मी पुडीचं एक टोक सोडलं. आत एक बोंबील होता.

वडील खाटेवर बसले होते. मी बोंबील दोन्ही हातांत धरला आणि हलकेच वाकवला. वाकला नाही. आणखी जोर केला, तर कट्कन आवाज होऊन त्याचे दोन तुकडे झाले. वडिलांनी त्यातला एक घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"वारो आसा रे ह्येच्यात," ते म्हणाले.

खाली पडलेला वहीचा कागद मी उचलला. त्यावर चौथीतल्या मुलीच्या गोल अक्षरांत पेन्सिलीने लिहिलं होतं:

"हा शाळेच्या मागचा आहे. आजी म्हणते, मोडला तर येऊन जेवून जा. वाकला तर शाळा पाडायला ये."

मी चपला घातल्या आणि बाजाराकडे निघालो.